रेडिओवर मराठी कळणारे दोघे

स्नेहलतागंज, इंदूर
९ जानेवारी १९९२

आदरणीय कमांडर पांढरे साहेब यांस,
शाम टेंबेचा नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी सांगतो आहे आणि माझी मुलगी मंजिरी लिहिते आहे. ती अकरावीत आहे, शिक्षण सगळं हिंदीत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करावा.

तुमची तीन पत्रं मी न उघडता परत पाठवली होती. शेवटचं पंच्याहत्तर साली. अशा माणसाचं पत्र इतक्या वर्षांनी आलेलं बघून तुम्हीही ते परत धाडलंत तर मला बोलायला तोंड नाही. पण उघडलं असेल तर पुढे वाचावं ही विनंती.

परदेशीपुऱ्यातल्या ज्या मिलमध्ये मी टेलिफोन ऑपरेटर होतो ती गेल्या महिन्यात बंद झाली. सकाळी टेम्पोतून उतरलो तर फाटकापाशी नुसती गर्दी. कोणी ओरडत नव्हतं. म्हणून मला जास्त भीती वाटली. इतकी माणसं गप्प उभी राहिली की काय होतं ते मला कानांनी कळतं. कोणीतरी नोटीस मोठ्याने वाचून दाखवली, मग दुसऱ्याने पुन्हा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर तिच्यात काही वेगळं निघणार होतं.

आठवड्याने आमचे लेबर ऑफिसर चिंतामणराव दिघे यांनी निरोप पाठवून बोलावलं आणि माझी फाइल हातात दिली. म्हणाले, "टेंबेजी, ही देऊ नये असा कायदा आहे. पण कायदा सध्या गेटबाहेर उभा आहे. घेऊन जा, हे तुमचंच आहे."

संध्याकाळी मंजिरीने फाइल वाचून दाखवली. नेमणुकीचं पत्र, रजेचे अर्ज, आणि सगळ्यात तळाशी तुमचं पत्र. १७ जून १९७४ चं, मिलच्या मॅनेजरना लिहिलेलं. तुम्ही रजा काढून इंदूरला आला होतात, त्यांना भेटला होतात, आणि नंतर हे लिहून पाठवलं होतंत. त्यातली दोन वाक्यं मला आता पाठ आहेत. "त्याच्यावर दया म्हणून ही जागा देऊ नका; असा कान आणि असा शांत आवाज तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही म्हणून द्या. आणि माझं नाव त्याला कधीही कळू देऊ नका, कळलं तर तो नोकरी सोडेल."

बरोबर ओळखलं होतंत. सोडलीच असती.

घरी मी आजवर सांगत आलो की मुलाखतीत मी ऐंशी नंबर तोंडपाठ म्हणून दाखवले आणि खुर्ची जिंकली. नंबर म्हणून दाखवले होते हे खरं आहे. पण त्या खोलीच्या दारापर्यंत मला कोणी आणलं ते मला साडेसतरा वर्षांनी कळलं. त्या खुर्चीमुळे माझं शोभनाशी लग्न झालं, घर उभं राहिलं, ही मुलगी झाली जी आता मान खाली घालून लिहिते आहे.

आभार मानतो. याहून जास्त काही सांगायचं आहे, पण आज एवढंच जमतंय.

आपला,
शाम टेंबे


२ फेब्रुवारी १९९२

आदरणीय साहेब,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र पोचलं. आनंद झाला. मिलचं ऐकून वाईट वाटलं. मुलीचं अक्षर छान आहे." शेवटची ओळ मंजिरीने दोनदा वाचली.

आता ती माझ्या मागे लागली आहे. आजवर तिला एवढंच माहीत होतं की लढाईत विमानाची काच फुटली आणि बाबांचे डोळे गेले. तुमचं नाव आमच्या घरात घेतलं जात नसे. फाइल वाचल्यापासून ती विचारते, "हे पांढरे काका आहेत कोण? नक्की झालं काय होतं?" तेव्हा तिला सांगतोय तेच तुम्हाला लिहवून घेतोय. ज्याने केलं त्यालाच ती गोष्ट सांगायची हे विचित्र आहे, पण माझ्या खुर्चीतून ती तुम्ही कधी ऐकलेली नाही. चुकलं तर दुरुस्त करावं.

जहाजावर माझा पहिला आठवडा. मेसमध्ये मी इंदुरी सवयीने कोणाला तरी "क्या भिया" म्हणालो आणि तुमची मान वळली.

"इंदूर का?"

"हो सर. स्नेहलतागंज. वडील रेल्वेत क्लार्क आहेत."

"आम्ही जुन्या इंदूरचे. पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. घोडी गेली, आता ही आली," असं म्हणून तुम्ही वर डेककडे बोट केलंत, जिथे आपली सी हॉक विमानं बांधून ठेवलेली असत. त्या दिवसापासून ड्यूटीवर सर आणि ड्यूटी संपली की भिया.

एकाहत्तरचा डिसेंबर. आपण चार विमानं पहाटे निघालो होतो, किनाऱ्यावरच्या विमानतळावर. तुमचं विमान पुढे, माझं तुमच्या मागे. मी तेवीस वर्षांचा होतो आणि लढाईत चौथ्यांदाच जात होतो. पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत खालून तोफांचा मारा सुरू झाला. आवाज मला आठवत नाही. एकदम वारा आत आला आणि तोंडात रक्ताची चव. समोरची काच माझ्या चेहऱ्यात होती. उजव्या डोळ्यात नुसता लालसर उजेड, डाव्यात काहीच नाही.

मी रेडिओवर म्हणालो, मला दिसत नाही.

तुम्ही नियमाप्रमाणे इंग्रजीत दोन वाक्यं बोललात आणि मग सरळ मराठीत आलात. "शाम, मी तुझ्या उजव्या पंखाला लागून आहे. घाबरू नकोस असं म्हणणार नाही. फक्त हात हलका ठेव." बाकीच्या दोघांना तुम्ही पुढे जायला सांगितलंत. त्यानंतर पंचवीस मिनिटं मी विमान चालवलं नाही, तुमचा आवाज चालवला. "थोडा लेफ्ट. बस. नाक खाली जातंय, उचल. अजून. बस, असंच ठेव." मध्येच विचारलंत की इंदूर स्टेशनसमोर ज्याच्याकडे आम्ही पोरं चहा घ्यायचो त्याचं नाव काय. मी रागावून म्हणालो, भिया, हे आत्ता कशाला? तुम्ही म्हणालात, "तू जागा आहेस का ते बघतोय."

मंजिरीला मी समजावून सांगितलं की जहाजाचा डेक म्हणजे आपल्या गल्लीएवढी जागा, ती पुढे पळत असते, आणि विमानाच्या शेपटीचा आकडा तिथे ताणलेल्या तारेत अडकला तरच विमान थांबतं. डोळे असलेल्याची तिथे छाती धडधडते. आणि हेही सांगितलं की माझं विमान तिथे मोडून आडवं पडलं असतं तर तुम्हाला उतरायला जागा नव्हती, आणि तुमच्या टाकीत तेल संपत आलं होतं.

पहिल्या खेपेला मी उंच राहिलो. तुम्ही म्हणालात, "काही बिघडलं नाही, एक चक्कर मारून येऊ. तुला कुठे जायची घाई आहे का?" दुसऱ्या खेपेला म्हणालात, "आता सोड." मी थ्रॉटल सोडला. चाक मोडल्याचा आवाज आला, पट्टे खांद्यात रुतले, आणि विमान थांबलं. त्यापुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की पांढरे सर माझ्यानंतर सात मिनिटांनी उतरले, तारेत अडकल्यावर त्यांचं इंजिन आपोआप बंद पडलं, कारण तेलच उरलं नव्हतं.

त्याबद्दल तुम्हाला वीरचक्र मिळालं. इथवर सगळं बरोबर आहे ना?

आपला,
शाम

काका, मी मंजिरी. हे बाबांना न सांगता खाली लिहिते आहे. माझी मराठी ठीक-ठाकच आहे, समजून घ्या. बाबा "सगळं ठीक आहे" म्हणतात पण ठीक नाही. मिल बंद आहे तरी रोज सकाळी साडेसातला इस्त्रीचा शर्ट घालून, टिफिनची थैली घेऊन ओट्यावर बसतात. टेम्पो निघून गेला की आत येतात. आईने टेलिफोन ऑफिसातून एसटीडी बूथचा फॉर्म आणला आहे. अपंगांसाठी जागा ठेवलेल्या असतात. बाबा सही करत नाहीत. म्हणतात, ती जागा एखाद्या लायक माणसाला जाऊ दे. ते असं का म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे का? गोष्ट सांगताना ते डेकवर उतरायच्या आधी एके ठिकाणी थांबतात, पाणी मागतात, आणि मग पुढचं सांगतात.


२३ फेब्रुवारी १९९२

साहेब,

मागच्या पत्रात मी एक जागा उडी मारून ओलांडली. ती सांगण्यासाठी मी आधी आमच्या मिलचे टाइमकीपर बाळकृष्ण सोमण यांना लिहायला बसवलं होतं. चार ओळी झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, "टेंबे, मी लिहून देईन. पण हे तुम्ही मला सांगून मोकळे होणार नाही. घरी सांगा." म्हणून आज पुन्हा मंजिरीच लिहिते आहे. तिला म्हटलंय की मध्ये थांबायचं असेल तर थांब, पण मला काही विचारू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल.

जहाज दिसायला लागल्यावर रेडिओवर हुकूम आला होता. मला शब्द न् शब्द आठवतो. पांढरे, तुम्ही आधी उतरा. टेंबे जहाजाजवळ विमान सोडून उडी मारेल, हेलिकॉप्टर त्याला उचलेल.

हुकूम बरोबर होता. माझी खुर्ची मला विमानातून बाहेर फेकणार, खाली पाणी, वर हेलिकॉप्टर. एका आंधळ्यासाठी दोन विमानं पणाला लावायची नाहीत, एवढंच ते सांगत होते. तुमच्या जागी मी असतो तर पाळला असता.

मी रडलो. मंजिरी, लिही. मी रडलो आणि मराठीत म्हणालो, भिया, मला सोडून जाऊ नका. मला पाण्यात टाकू नका. मला काही दिसत नाही, भिया. हे मी एकदा नाही, चार-पाच वेळा म्हणालो.

मग तुम्ही जहाजाला इंग्रजीत सांगितलंत की तुमचा आवाज तुटतोय, ऐकू येत नाही, मी टेंबेला आत आणतोय. आणि लगेच मला मराठीत, अगदी स्वच्छ, "चल. उजवा पंख उचल."

चौकशीतही तुम्ही तेच सांगितलंत. तुमच्या रेडिओवर फक्त बोलता येत होतं, ऐकू येत नव्हतं, म्हणून हुकूम कळला नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला आठवत नाही. जहाजाच्या खलाशांत कोकणातले पुष्कळ होते, पण रेडिओच्या खोलीत त्या वेळी मराठी कळणारं कोणी नव्हतं. माझं रडणं आपल्या दोघांनाच कळलं होतं.

बहात्तर साली तुमचा इंदूरमध्ये सत्कार झाला. तुम्ही मला जबरदस्तीने उघड्या जीपमध्ये शेजारी बसवलंत. त्याच आठवड्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं. राजवाड्यापाशी जीप थांबली आणि एक बाई माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बेचारा." पाठोपाठ तुमच्या नावाचा जयजयकार. मी तिथेच उतरलो. तुम्ही हाक मारलीत, मी ओ दिली नाही.

पुढच्या वर्षी डेहराडूनला आंधळ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात होतो. पहिले चार महिने खुर्च्या विणायला शिकवतात. वेताने बोटं कापली जायची. एका दुपारी मी तिथल्या टायपिस्टला बसवून नौदलाच्या मुख्यालयाला पत्र लिहवलं. की लेफ्टनंट कमांडर पांढरे यांना हुकूम स्पष्ट ऐकू आला होता. की त्यांनी चौकशीत खोटं सांगितलं. की पदक त्याच खोट्यावर दिलेलं आहे.

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त मी रडलो, मी विनवलं, ते मी लिहिलं नाही.

ऐंशी साली एक जुना सहकारी मिलमध्ये फोनवर सापडला. म्हणाला, पांढरेंना स्वतःच्या हाताखाली जहाज मिळालंच नाही, कमांडरवरच थांबले, फाइलमध्ये काहीतरी निघालं म्हणे. मी त्याला हवा असलेला नंबर जोडून दिला आणि हेडफोन काढून ठेवला. अकरा वर्षं झाली त्याला. मी गप्प राहिलो.

तुम्ही मला जीव दिलात आणि मी तुमचं जहाज काढून घेतलं. आणि वर तुम्ही मला नोकरी दिलीत. ते पत्र माझं होतं हे तुम्हाला ठाऊक नसेल. ठाऊक असतं तर तुम्ही मॅनेजरच्या दारी गेला नसतात.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. मागण्याची लाज वाटते. तुम्हाला खरं माहीत असावं, एवढंच.

इथे मंजिरी उठून बाहेर गेली होती. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मग ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, पुढे सांगा." पुढे काही नाही.

शाम


वास्को, गोवा
८ मार्च १९९२

प्रिय शाम,

तुझं पत्र माझ्या पत्नीने, इंदिरेने, आणि मी दोघांनी मिळून वाचलं. उत्तराला वेळ लागला कारण मी चार कागद फाडले. मंजिरी, हे तू वाचून दाखवणार आहेस, तेव्हा मी तुझ्याशीही बोलतोय असं समज.

पहिली गोष्ट. ते पत्र तुझं होतं हे मला नोव्हेंबर त्र्याहत्तरपासून माहीत आहे. मुख्यालयात मला बोलावून ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे खरं का? मी म्हणालो, शब्द न् शब्द खरं. त्यांनी विचारलं, मग चौकशीत खोटं का सांगितलं? मी म्हणालो, तेव्हा खरं सांगितलं असतं तर हुकूम का मोडला हे सांगावं लागलं असतं, आणि तो मुलगा डोळ्यांना पट्ट्या बांधून पडला होता. पदक त्यांनी राहू दिलं. जहाज दिलं नाही. यात अन्याय नाही, शाम. हुकूम ऐकू आला नाही असं सांगणाऱ्याच्या हाती हजार माणसांचं जहाज मीसुद्धा दिलं नसतं. मग मला तरुण पोरांना शिकवायला बसवलं. अकरा वर्षं शिकवलं. त्यातले आज निम्मे मला दिवाळीला पत्र लिहितात. जहाजाने लिहिलं असतं का?

तुझी चूक नव्हती असं मी म्हणत नाही. ते पत्र लागलं होतं. काही महिने मी तुझं नाव घेतलं नाही. मग ऐकलं की तू खुर्च्या विणतोस. तुझा थ्रॉटलवरचा हात मी पाहिलेला आहे. मला राहवलं नाही, मी रजा टाकली.

आता दुसरी गोष्ट, आणि ती तुझ्या कबुलीहून मोठी आहे, कारण ती तुझ्यापर्यंत न पोचता माझ्याकडेच राहिली आहे. परत आलेल्या तिन्ही पत्रांत हीच होती.

तू लिहितोस की विमान थांबल्यावर तुला काही आठवत नाही. मला आठवतं. तुझं विमान डेकवर वाकडं पडलं होतं आणि वरचं झाकण वाकून अडकलं होतं. तुला बाहेर काढता येईना. त्यांनी तुझ्यासकट विमान बाजूला ढकललं आणि झाकण कापायला घेतलं. मी वर घिरट्या घालत होतो. काटा शून्यावर टेकला होता. आणि मी घाबरलो होतो. तू समजतोस तसा मी नव्हतो. तू शेजारी होतास तोवर मला बोलायचं काम होतं. तू उतरलास आणि मी एकटा पडलो. मी उडी मारायचं ठरवलं, हाताने खुर्ची बाहेर फेकणारं हँडल शोधत होतो.

तेवढ्यात कानात तुझा आवाज आला. तुझा रेडिओ अजून चालू होता. "भिया, मी उतरलोय. मी इथेच आहे. लोक विमान ढकलून राहिले, जागा होतेय, थोडं थांबा." बाहेर जे ऐकू येत होतं ते तू मला सांगत होतास. घण किती पडले, चाकं कुठवर सरकली, कोण काय ओरडतंय. दिसत काही नव्हतं तुला. "आता पाण्याचा पाइप ओढला. आता बाजूला होऊन राहिले सगळे. या भिया, घाई करू नका." सात मिनिटं. तुझ्या चेहऱ्यात काच होती आणि तू मला धीर देत होतास. माझा हात हँडलवरून तुझ्या बोलण्याने खाली आला. मी उतरलो तेव्हा तुझा आवाज थांबला. तोवर तू शुद्धीवर राहिलास.

रेडिओच्या खोलीतल्यांना ते बरळणं वाटलं. मराठी कोणाला कळत नव्हतं.

आणि मी चौकशीत हे सांगू शकलो नाही. माझ्या रेडिओवर ऐकू येत नाही असं मी सांगून बसलो होतो. मग तुझे शब्द मी ऐकले कसे? एका खोट्याने तुझं रडणं झाकलं, आणि त्याच खोट्याखाली तुझी सात मिनिटंही गेली. त्र्याहत्तर साली मी ती सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, पण साक्षीदार कोणी नव्हता आणि प्रकरण मिटलेलं होतं. जीपमध्ये तुला शेजारी बसवलं ते शोभेसाठी नव्हतं. माझ्या मते सत्कार दोघांचा होता. पण मी लोकांना का ते सांगू शकत नव्हतो, आणि तुला सांगायच्या आत तू उतरलास.

तेव्हा क्षमा मागायचीच तर मला मागितली पाहिजे. वीस वर्षं तू स्वतःला रडका समजत राहिलास.

बूथच्या फॉर्मवर सही कर. लायक माणसाचं काय ते मला माहीत आहे.

तुझा,
संताजी


स्नेहलतागंज, इंदूर
११ ऑगस्ट १९९२

प्रिय भिया,

तुम्ही आणि वहिनी सुखरूप पोचल्याचं कळलं. जूनच्या उकाड्यात तुम्ही आठ दिवस आमच्या दोन खोल्यांत राहिलात. शोभना अजून शेजारणींना वहिनींनी शिकवलेल्या माशांच्या कालवणाबद्दल सांगत असते. करणार कधीच नाही.

तुमच्या मार्चच्या पत्राबद्दल मी तुमच्यासमोर नीट बोलू शकलो नाही, म्हणून लिहितो. मंजिरीने ते वाचलं त्या दिवशी मी तिला चार वेळा वाचायला लावलं. मला त्यातलं अजूनही काही आठवत नाही. घणाचे आवाज आठवावेत म्हणून मी खूप प्रयत्न केला. नाहीच. एखाद्या अनोळखी माणसाबद्दल ऐकावं तसं वाटलं, आणि तो माणूस मला आवडला. शोभनाने तुमच्या तोंडून पुन्हा सगळं ऐकलं. तुम्ही गेल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं मी एका दुखावलेल्या माणसाबरोबर संसार केला. हा दुसरा कोण आहे ते आता बघते." आणि मग माझ्या ताटात तिने एक पोळी जास्त वाढली, मी नको म्हणत असताना.

तुम्ही नको म्हणालात तरी मी मुख्यालयाला पत्र पाठवलंच. या वेळी पूर्ण. हुकूम आला होता, मी विनवण्या केल्या, तुम्ही थांबलात, आणि त्र्याहत्तर साली मी अर्धंच लिहिलं. मंजिरीने टाइपिंगच्या क्लासमध्ये स्वतः टाइप केलं. उत्तर एका ओळीचं आलं, की पत्र रेकॉर्डला जोडलं आहे. त्याने तुम्हाला जहाज मिळणार नाही. पण आता ती फाइल कोणी उघडली तर त्याला दोघांचंही खरं सापडेल.

बूथ मंजूर झाला. गेल्या सोमवारी सुरू केला, स्टेशनकडे जाणाऱ्या वळणावर. लोक येतात, काचेच्या दारामागे बसून बोलतात. मिलमधले पुष्कळ येतात. कोणाचा पोरगा सुरतेला लूमवर गेलाय, कोणी पीथमपूरला कारखान्यांत चौकशी करतोय. मला आवाजावरून ओळखतात. "टेंबेजी, तुम्ही इथे?" म्हणतात, आणि मग बराच वेळ कोणी नंबर सांगत नाही, मिलच्याच गोष्टी चालतात. काही वेळा फोन जोडून दिल्यावर आतला माणूस बोलायचं सोडून नुसता रडतो. मी घाई करत नाही. माझ्याकडे बसायला स्टूल आहे आणि पाण्याचा माठ आहे.

भिया, तुम्ही त्या दिवशी हुकूम पाळला असतात तर कोणी तुम्हाला बोल लावला नसता. मीही लावला नसता, कारण मी उरलोच नसतो. मला पोहता येत होतं, पण दिसत नसताना मी त्या पाण्यात हातपाय मारले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. मग शोभनाचं हे रोजचं बडबडणं मी ऐकलं नसतं. मंजिरी पहिल्यांदा "बाबा" म्हणाली ते ऐकलं नसतं, कारण ती नसतीच.

ती लिहिता लिहिता थांबली आहे. तिला म्हटलं, लिही, यासाठीच तर पत्र आहे.

मी उरलो, भिया. चांगला उरलो. तुमचे आभार.

तुमचा,
शाम